रामदेवरावांपासून आपल्यापर्यंत: वंशावळ कुठवर खरी धरायची?

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पणजोबांच्या पेटीत घडी घातलेला एक लांब कागद सापडला. त्यावर एकवीस नावं आहेत, पहिलं ‘राजा रामदेवराव यादव’, आठवं ‘लखुजी जाधवराव’ आणि एकविसावं तुमच्या वडिलांनी नंतर लिहिलेलं तुमचं. रामदेवरावांच्या शेजारी ‘राणी’ एवढाच शब्द असून पुढे जागा रिकामी आहे. इंटरनेटवर तुम्हाला त्या राणीची तीन वेगवेगळी नावं मिळाली. त्यातलं कुठलं लिहावं, आणि ही वंशावळ खरी मानून घराण्याच्या पुस्तिकेत छापावी का, असं तुम्ही विचारलं आहे.

मी बावीस वर्षं मोडी कागद वाचतो आणि घराण्यांच्या वंशावळी लावून देतो. या धर्तीचा कागद घेऊन येणारे लोक वर्षाला दहा-बारा तरी असतात, त्यामुळे सविस्तर लिहितो. राणीचं नाव हा तुमचा खरा प्रश्न नाही. एकवीस नावं एकाखाली एक लिहिलेली असली तरी ती एकाच प्रकारच्या पुराव्यावर उभी नाहीत, ही खरी अडचण आहे. तुम्ही पाठवलेल्या फोटोवरून मी त्या कागदाचे तीन तुकडे पाडतो. तेरावं ते एकविसावं नाव, नववं ते बारावं, आणि पहिलं ते आठवं. प्रत्येक तुकड्याचा निकाल वेगळा लागेल, आणि तो तुमच्याकडे आणखी कुठले कागद आहेत यावर बराच अवलंबून आहे.

सुरुवात वरून करतो, कारण तुमची उत्सुकता तिथे आहे.

देवगिरीच्या यादवांची माहिती आपल्याला कुठून मिळते? ताम्रपट, शिलालेख, हेमाद्रीने आपल्या ग्रंथात दिलेली राजप्रशस्ती आणि शेवटच्या वीस-पंचवीस वर्षांसाठी दिल्लीकडचे फारसी इतिहासकार. हेमाद्री महादेव आणि रामचंद्र (म्हणजे तुमच्या कागदावरचे रामदेवराव) या दोघाही राजांच्या दरबारात मोठ्या अधिकारावर होता, म्हणजे घरातलाच माणूस. तरीही त्याची प्रशस्ती चंद्रापासून सुरू होते, पुराणातल्या यदूवरून द्वारकेला जाते आणि मग कुठे दृढप्रहार, सेऊणचंद्र अशा ऐतिहासिक माणसांवर उतरते. राजाच्या हयातीत, राजाच्याच दरबारात लिहिलेल्या वंशावळीचा वरचा भाग पुराणातून घेतलेला होता. हे आधी सांगतो, कारण तुमच्या पणजोबांच्या कागदातही वरचा भाग वेगळ्या ठिकाणाहून आलेला दिसला तर त्यांनी काही लबाडी केली असं समजू नका. वंशावळ लिहिण्याची रीतच तशी होती.

आता मुद्द्याची गोष्ट. राजावली वेगळी आणि वंशावळ वेगळी. गादीवर कोण कोणानंतर बसला ती राजावली. कोण कोणाचा मुलगा ती वंशावळ. या दोन्हींची सरमिसळ ही माझ्या पाहण्यातली सगळ्यात मोठी चूक आहे, आणि यादवांच्या बाबतीत ती हटकून होते.

सिंघणानंतर गादीवर कृष्ण आला, १२४७ च्या सुमारास. शाळेच्या पुस्तकातली यादी वाचली की कृष्ण हा सिंघणाचा मुलगा वाटतो. तो नातू होता. मधला जैतुगी बापाच्या आधीच वारला, म्हणून राजांच्या यादीत त्याचं नाव नाही, पण वंशावळीत त्याच्याशिवाय चालत नाही. पुढे उलटा प्रकार होतो. कृष्णानंतर १२६१ मध्ये महादेव आला, तो कृष्णाचा भाऊ. महादेवानंतर त्याचा मुलगा आमण बसला, आणि १२७१ मध्ये त्याला बाजूला सारून रामचंद्र राजा झाला. हा रामचंद्र कृष्णाचा मुलगा, म्हणजे आमणाचा चुलतभाऊ. कृष्ण, महादेव, आमण, रामचंद्र ही चार नावं एकाखाली एक लिहिली तर चार पिढ्या दिसतात. प्रत्यक्षात त्या दोनच आहेत.

हीच चूक तुमच्या कागदावर आहे. दुसरं नाव शंकरदेव, तिसरं हरपाळदेव. शंकरदेव रामचंद्राचा मुलगा, हे बरोबर. फारसी साधनांत त्याचं नाव सिंघण असंही येतं. दिल्लीशी बिघडल्यावर अलाउद्दीन खिलजीचा सेनापती मलिक काफूर याच्या स्वारीत १३१३ च्या सुमारास तो मारला गेला. हरपाळदेव मात्र त्याचा मुलगा नव्हे. तो रामचंद्राचा जावई. शंकरदेवानंतर त्याने देवगिरी पुन्हा उभी करण्याचा प्रयत्न केला आणि १३१८ च्या सुमारास दिल्लीचा सुलतान मुबारक शाह खिलजीने त्याला अत्यंत क्रूरपणे मारलं. जावई म्हणजे कूळ वेगळं. त्याची मुलंबाळं असतील तर ती रामचंद्राची वंशजच, पण मुलीकडून. पुरुषांच्या सरळ रेषेत त्याला बसवता येत नाही. कोणीतरी राजांची यादी घेऊन तिचीच वंशावळ केली आहे, आणि म्हणून मेहुणा मुलाच्या जागी जाऊन बसला.

दुसरी कसोटी साध्या हिशोबाची. रामचंद्र १२७१ मध्ये कर्तासवरता होऊन गादीवर आला, तेव्हा त्याचा जन्म १२५० च्या आसपास किंवा त्याआधीचा धरू. लखुजींची मुलगी जिजाबाई १५९८ ची, म्हणजे लखुजींचा जन्म ढोबळमानाने १५७० च्या आगेमागे. मधलं अंतर सुमारे ३२० वर्षं. तुमच्या कागदावर एवढ्या काळात सात पायऱ्या आहेत. एका पायरीला जवळजवळ ४६ वर्षं पडतात, आणि हरपाळदेवांना काढलं तर ५३. पडताळ्यासाठी ज्या घराण्याच्या तारखा पक्क्या आहेत ते घ्या. शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा, संभाजी महाराजांचा १६५७ चा, शाहू महाराजांचा १६८२ चा. अंतर २७ आणि २५ वर्षं. धाकट्या मुलाकडून गेलं तर अंतर वाढतं. राजाराम महाराज १६७० चे, म्हणजे वडिलांहून ४० वर्षांनी लहान. एखादी पायरी ४० ची निघणं सहज शक्य आहे, पण लागोपाठ सात पायऱ्या ४६ च्या निघत नाहीत. २५ ते ३० वर्षांनी भागलं तर ११ ते १३ पायऱ्या हव्यात. चार ते सहा माणसं तुमच्या कागदावरून गळाली आहेत.

नावं गळण्याचं एक साधं कारण सांगतो, ते तुमच्या खालच्या पिढ्यांनाही लागू आहे. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. ‘रघोजी बिन संताजी बिन रघोजी बिन संताजी’ अशी साखळी दोन-तीनदा नकलून काढताना लिहिणाऱ्याचा डोळा एका संताजीवरून दुसऱ्या संताजीवर घसरतो आणि मधले दोघे जातात. यादवांतही पाच भिल्लम होऊन गेले. पुढे कोणी नक्कल करताना त्यांतले दोन एक केले की शतकभराचा काळ आकसतो.

मग सिंदखेडच्या जाधवांचं, म्हणजे लखुजींच्या घराण्याचं, देवगिरीच्या यादवांशी नातं नाहीच का? असं मी म्हणत नाही. ‘यादव’चं ‘जाधव’ होणं भाषेच्या नियमात बसतं, ‘य’चा ‘ज’ झालेले शब्द मराठीत भरपूर आहेत. सिंदखेड देवगिरीपासून फार लांब नाही. घराण्यातली परंपराही जुनी आहे, आणि १६२९ मध्ये लखुजी ज्या दौलताबादच्या किल्ल्यात मुलांसह मारले गेले, तो किल्ला म्हणजे ती देवगिरीच. परंपरेला मान देणं आणि एकेक नाव सिद्ध मानणं या दोन गोष्टी मी वेगळ्या ठेवतो. देवगिरी पडल्यापासून लखुजींचा काळ येईपर्यंत अडीचशे वर्षं जातात. त्यात दिल्लीचा अंमल, १३४७ पासून बहमनी, मग निजामशाही. त्या काळाचा ‘अमुक बिन तमुक’ असा एकही समकालीन कागद हातात नसताना चौथं ते सातवं ही चार नावं लिहिली गेली असतील, तर ती स्मरणातून आली असणार किंवा नंतर रचली गेली असणार. शिवाय जाधव हे आडनाव मराठ्यांत आहे, बंजारा समाजात आहे, माळी आणि बौद्ध समाजांतही आहे. निव्वळ आडनावावरून देवगिरी गाठता येत नाही.

आता रामचंद्राच्या वंशजांपैकी साधनांत ज्याचं नाव स्पष्ट येतं, असा एक सांगतो. त्याच्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. रामचंद्राची एक मुलगी अलाउद्दीन खिलजीच्या घरात होती. चौदाव्या शतकातला दख्खनचा फारसी कवी-इतिहासकार इसामी तिचं नाव झत्यपाली असं देतो. तिचा मुलगा शिहाबुद्दीन उमर. जानेवारी १३१६ मध्ये अलाउद्दीन वारला आणि मलिक काफूरने या पाच-सहा वर्षांच्या पोराला दिल्लीच्या तख्तावर बसवलं. काफूर महिन्याभरात मारला गेला. एप्रिलमध्ये सावत्र भाऊ मुबारक शाहने मुलाला पदच्युत केलं, त्याचे डोळे काढले आणि ग्वाल्हेरच्या किल्ल्यात टाकलं. देवगिरीच्या रामचंद्राचा दौहित्र तीनेक महिने दिल्लीचा सुलतान होता, आणि ज्या मुबारक शाहने त्याला आंधळं केलं त्यानेच दोन वर्षांनी हरपाळदेवाला, म्हणजे त्या मुलाच्या मावशीच्या नवऱ्याला मारलं. मावशी सख्खी की सावत्र, यात मी शिरत नाही. मी ही नोंद पहिल्यांदा लावली तेव्हा तक्त्यातली ती फांदी लिहिताना हात थांबला होता. पाच-सहा वर्षांचं मूल होतं ते.

उत्तर कोकणात आणखी एक दावा आढळतो. महिकावतीच्या बखरीत रामदेवरावाचा मुलगा बिंबदेव कोकणात उतरून माहीमला राहिला असं येतं, आणि तिकडच्या काही समाजांच्या कुळकथा त्याच्याशी जोडलेल्या आहेत. बखर मोलाची आहे, पण तिच्यात वेगवेगळ्या काळची प्रकरणं एकत्र आली आहेत. म्हणून ही फांदी मी तक्त्यात काढतो, पण तुटक रेषेने.

तर राणीच्या नावाबद्दल. रामचंद्रासारख्या राजाला एकच राणी धरून वर एक जोडपं आणि खाली सगळी मुलं, ही मांडणी आजच्या छापील तक्त्यांची आहे. शंकरदेव, हरपाळदेवाला दिलेली मुलगी आणि झत्यपाली ही एकाच आईची लेकरं असलीच पाहिजेत असं नाही. इंटरनेटवरचं एक नाव उचलून तिथे लिहिलंत, तर तुम्ही नुसती राणी लिहीत नाही. त्या सगळ्या मुलांची आई ठरवून टाकता. जागा रिकामी ठेवा. पुराव्याअभावी सोडलेली जागा पुढच्या माणसाला भरता येते. चुकीचं छापलेलं नाव मात्र पुढच्या दहा पुस्तिकांत जातं.

मध्ययुगीन राण्यांची नावं मिळतच नाहीत असं नाही. यादव अजून मांडलिक होते तेव्हाच्या ताम्रपटांत ती आवर्जून येतात. दुसऱ्या भिल्लमाची राणी लच्छियव्वा राष्ट्रकूटांशी नातं सांगणारी. तिसऱ्या भिल्लमाने कल्याणीच्या चालुक्य जयसिंहाची मुलगी केली, आणि चालुक्य तर त्याचे सार्वभौम. लहान घराण्याला मोठ्या घरची मुलगी मिळाली की ती तांब्यावर कोरली जायची, कारण त्या नात्यावर राजकारण उभं असायचं. यादव स्वतः सार्वभौम झाल्यावर सासुरवाडी सांगण्याची तेवढी गरज उरली नाही. ताम्रपटात राणी का आहे आणि का नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा तिच्या माहेरच्या वजनात सापडतं. तुम्हाला पुस्तिकेत यादवांचं एक राजजोडपं द्यायचंच असेल, तर तिसरा भिल्लम आणि त्याची चालुक्य राणी द्या. फक्त ‘आमचे पूर्वज’ असं खाली लिहू नका.

आतापर्यंतचं एकत्र करतो. पहिली आठ नावं ‘घराण्याची परंपरा’ म्हणून जशीच्या तशी, वेगळ्या चौकटीत छापा. हरपाळदेवांच्या नावाला जावई असल्याची टीप जोडा. राणीची जागा कोरी ठेवा.

आता कागदाबद्दल. मूळ पाहिल्याशिवाय मी पक्कं सांगणार नाही, पण फोटोत एक गोष्ट दिसते. तेराव्या नावापासून खाली अक्षर मोडी आहे, बोरूने लिहिलेलं, आणि दर दोन-तीन नावांनी हात बदलतो. त्यावरची बारा नावं बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत आहेत, एका हाताची, एका शाईची, टाकाच्या बारीक निबाने ओढलेली. एका बैठकीत लिहिल्यासारखी. असाच एक कागद काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आला होता. घरच्यांच्या मते तो ‘शिवकालीन’ होता. खिडकीच्या उजेडासमोर धरला तर कागदाच्या अंगात विलायती गिरणीचा छाप आणि १८५६ साल उमटलेलं दिसलं. त्या घरातल्या आजी माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला. मी त्यांना जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. ते साल वाईट बातमी नाही. १८५२ च्या कायद्यानंतर इंग्रज सरकारच्या इनाम कमिशनने इनामदार-वतनदारांकडे हक्काचे पुरावे मागितले, तेव्हा गावोगावच्या घराण्यांनी घाईघाईने वंशावळी लिहून काढल्या, जुन्या फाटक्या कागदांवरून नकला केल्या, म्हाताऱ्यांना विचारून जागा भरल्या. तुमचा कागद त्या वेळचा असेल तर खालची पाच-सहा नावं लिहिणाऱ्याच्या डोळ्यांदेखतची किंवा बापाच्या तोंडून ऐकलेली असतील. तेवढा भाग फार मोलाचा आहे.

हे तपासायचं कसं? तुमच्या घराकडे पाटीलकी, देशमुखी किंवा इनाम काही होतं का, यावर सगळं ठरेल. वतन असेल तर वाटणीपत्रं, महजर (सभेने दिलेली निर्णयपत्रं), करीने (हक्काच्या लेखी हकीकती), निवाडे निघतात. भाऊबंदकीच्या भांडणात दोन्ही बाजू आपापली वंशावळ मांडतात आणि एकमेकांच्या चुका काढतात. वंशावळ लावणाऱ्याला यासारखा पुरावा नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारात गावाच्या आणि परगण्याच्या नावाने रुमाल, म्हणजे कागदांचे गठ्ठे मागा, आडनावाने मागाल तर हाती फार थोडं लागेल. वतन नसेल तर तीर्थोपाध्यायांच्या वह्या बघा, त्र्यंबकेश्वर, नाशिक, प्रयाग, जिथे तुमचे लोक जात असतील तिथल्या. दक्षिणेकडे कोल्हापूर-सांगली-सोलापुराकडे घराणं असेल तर वंशावळी सांगणाऱ्या हेळवी लोकांकडेही पिढ्या मिळतात. वहीतल्या नोंदीत मी आधी ‘बिन’ हा शब्द शोधतो. ‘संताजी बिन रघोजी’ म्हणजे रघोजीचा मुलगा संताजी. नुसती नावं एकापुढे एक असतील तर ते भाऊही असू शकतात, सोबत यात्रेला आलेले. आणि सालं वाचताना जपा. इसवी साल काढायला सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, फसलीत ५९० किंवा ५९१. यात घोटाळा झाला की माणूस नऊ-दहा वर्षं पुढे-मागे सरकतो आणि बाप मुलाच्या लग्नाआधी मरून जातो.

नऊ ते बारा ही चार नावं अशाच कागदांवर ठरतील. लखुजींच्या कुठल्या मुलाची किंवा भाऊबंदाची ही फांदी, हे तुमच्या कागदावर लिहिलेलं नाही. सिंदखेडच्या जाधवांच्या शाखा पुढे बऱ्याच ठिकाणी पसरल्या, तेव्हा जवळच्या शाखेच्या कागदाशी ताळा जुळतो का ते पाहता येईल. तोवर चारही तुटक रेषेत.

दत्तकाचाही विचार ठेवा. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज जन्माने कागलच्या घाटग्यांचे, १८८४ मध्ये दत्तक गेले. गादीची वंशावळ आणि रक्ताची वंशावळ तिथे फुटते, दोन्ही खऱ्या. तुमच्या कागदात पंधराव्या नावापाशी बारीक ‘द’ दिसतो, तो दत्तकाचा असण्याची दाट शक्यता आहे. डीएनए चाचणीबद्दलही विचारलंत. तिने दोन जिवंत पुरुष पितृकुळाने एक आहेत का, एवढं कळू शकतं. रामचंद्राशी जुळवून पाहायला त्याचा कुठलाही खात्रीचा नमुना जगात नाही, त्यामुळे तेवढ्यासाठी पैसे घालू नका.

एक गणित मात्र मनात ठेवा. पंचवीस पिढ्या मागे गेलं तर प्रत्येकाच्या तक्त्यात पूर्वजांच्या ३ कोटी ३५ लाखांवर जागा तयार होतात. तेवढी वेगवेगळी माणसं असणं शक्यच नाही, तेच तेच लोक वेगवेगळ्या वाटांनी पुन्हा येतात, विशेषतः जिथे मामाची मुलगी करण्याची रीत आहे तिथे. रामचंद्राच्या मुलींचा वंश टिकला असेल, तर त्याचं रक्त आज फार मोठ्या समाजात मिसळलेलं असणार, जाधव नसलेल्यांतही. तुमच्यातही असेल, पण ते आलंच असेल तर कुठल्यातरी आजीच्या आजीकडून, आणि तुमच्या एकवीस नावांच्या कागदावर एकाही बाईचं नाव नाही.

म्हणून पुस्तिका छापायला द्यायच्या आधी एक काम करा. तुम्ही लिहिलंय की थोरल्या आत्या ८६ वर्षांच्या आहेत आणि लग्नाच्या याद्या त्यांना तोंडपाठ आहेत. या रविवारी त्यांच्याकडे जा. फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि अठराव्या नावापासून खाली प्रत्येकाची बायको कोण, माहेर कुठलं, माहेरचं आडनाव काय, मुली कुठे दिल्या, एवढंच विचारा. मध्ये तोडू नका. त्या गावाचं नाव चुकतील, मग स्वतःच दुरुस्त करतील, ती दुरुस्तीही टिपून घ्या. मूळ कागद लॅमिनेट करू नका. सुती कापडात सैल गुंडाळून ठेवा आणि पंधराव्या नावाचा जवळून, तिरक्या उजेडात एक फोटो मला पाठवा. तो ‘द’ नीट वाचायचा आहे.